निमुळती पट्टी

सोपान मारकडच्या हातावर मशीन उसळलं ते जानेवारीत, लासुर्ण्याजवळच्या एका बांधावर. वाळलेलं बोरीचं झाड तो कापत होता. उजव्या हातात छोटा चेनसॉ आणि डाव्या हातानं फांदी धरलेली, अशी त्याची बरीच वर्षांची सवय होती. फांदी निम्मी तुटली असताना, जिच्यावरून चेन फिरते त्या पट्टीचं टोक तिच्या मागं दडलेल्या दुसऱ्या फांदीला लागलं आणि मशीन चालत्या चेनसकट उलटं आलं. ते डाव्या मनगटाच्या थोडं वर बसलं. त्याची बायको योगिनी जवळच फांद्या ओढत होती. तिनं डोक्याचा टॉवेल सोडून हात करकचून बांधला आणि शेतमालकाच्या गाडीतून त्याला बारामतीला नेलं. डॉक्टरांनी तुटलेल्या शिरा जोडल्या. जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटेना. तांब्या उचलला की तिरका व्हायचा.

मशीन शेतमालकानं धुऊन पोत्यात घालून घरी पोचवलं. ते पोतं पडवीच्या कोपऱ्यात तसंच राहिलं.

दोघांचा धंदा बाग छाटायचा. इंदापूर तालुक्यात पेरू आणि डाळिंब वाढलं तसं हे काम वाढलं होतं. पेरूची झाडं जुनी झाली, फांद्या एकमेकींत घुसल्या, फळ बारीक पडायला लागलं, की मालक ती कमरेच्या उंचीवर कापून घेतो. झाड पुन्हा फुटतं. सोपान कापायचा, योगिनी फांद्या ओढून रचायची आणि कापलेल्या जागेवर बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याचा, बोर्डोचा लेप लावायची. घरची जमीन थोडी होती, त्यात ऊस होता, पण घर चालायचं ते छाटणीवर.

फेब्रुवारी संपता संपता रेडा गावाहून मानसिंगरावांचा फोन आला. त्यांच्या जुन्या पेरूच्या बागेचं काम दिवाळीतच ठरलं होतं. फोन योगिनीनं घेतला.

"सोपानचा हात कसा हाय?"

"बरा हाय."

"मंग बागेचं काय करू? दुसरा माणूस बघू का? फळ संपत आलंय."

"नगा बघू," योगिनी म्हणाली. "आमी येतू."

फोन ठेवल्यावर तिला दिसलं की सोपान दारात उभा आहे.

"कोण जाणार हाय?" त्यानं विचारलं.

"आपण."

"कापणार कोण?"

"मी कापीन."

सोपान गोठ्याकडं गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. जेवताना मात्र त्यानं विषय काढला. "त्या मशीनला हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. योगिनीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "ते उसळलं कशानं?"

"टोक लागलं."

"टोक तर रोजच लागत आसंल कुठं ना कुठं."

त्याला सांगावं लागलं. पट्टीच्या टोकाला चेन वळते. त्या वळणाचा वरचा भाग लाकडाला लागला की दात लाकूड कापत नाहीत, नुसते धरतात. मग चेन जागेवर अडते आणि मशीनच मागं फिरतं. टोक जेवढं रुंद, तेवढा झटका मोठा. हे सांगताना त्यानं चमचा पट्टीसारखा धरला होता. ते लक्षात आल्यावर त्यानं चमचा खाली ठेवला.

"म्हंजी टोक बारीक आसलं तर?" योगिनीनं विचारलं.

"तसल्या पट्ट्या असत्यात. त्या शेतीच्या प्रदर्शनात एकजण लिंबाच्या खोडात घोडा कोरत हुता न्हवं का, त्याच्याकडं हुती. बोटाएवढं टोक. नक्षीकामाची हाय ती. बाग छाटायची न्हाय."

"का न्हाय?"

"कुणी छाटत न्हाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी तिनं पोतं उघडलं, मशीन एका पिशवीत घातलं आणि बारामतीची एसटी धरली. जाताना बाजाराला जाते म्हणाली. पिशवीचा आकार सोपानला दिसला असणारच, पण त्यानं विचारलं नाही.

भिगवण रस्त्याला अविराज नावाच्या तरुणाचं शेती-अवजारांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. सोपान तिथूनच चेन घ्यायचा, त्यामुळं अविराजला सगळं माहीत होतं. त्यानं आधी हाताची चौकशी केली. मग योगिनीनं काय हवं ते सांगितल्यावर त्यानं मशीन उलटसुलट करून बघितलं.

"वहिनी, ती पट्टी माझ्याकडं नसते. मागवावी लागेल. आणि नुसती पट्टी घेऊन भागत नाही."

"आणिक काय लागतं?"

"चेन वेगळी लागते. ह्या चेनीच्या कड्या मोठ्या आहेत, त्या एवढ्याशा टोकावरून वळायच्या नाहीत. बारीक कड्यांची, बारीक दातांची चेन पाहिजे. आणि चेन बदलली की आतलं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, तेही बदललं पाहिजे. मोटारसायकलचं कसं असतं, तसंच."

"मंग तिन्ही मागवा."

"बसेल ह्याला. पण ह्या मशीनसाठी बनलेली नाही ती. थोडं इकडंतिकडं करावं लागेल," अविराज म्हणाला. मग त्यानं विचारलं, "दादांना माहीत आहे का?"

"कळंल," योगिनी म्हणाली.

पार्सल आल्याचा निरोप आठवड्याभरानं आला. पट्टी तिनं घरी आणून ओट्यावर ठेवली तेव्हा ती फारच लहान वाटली. बुडाशी रुंद, पुढं निमुळती होत गेलेली, शेवटी खरंच बोटाएवढी. चेन तर गळ्यातल्या साखळीसारखी हातात गोळा होत होती. सोपाननं लांबूनच पाहिलं आणि तो बाजेवर आडवा झाला.

योगिनी मशीन उघडायला बसली. जुनी पट्टी आणि चेन सहज निघाली. स्प्रॉकेट मात्र क्लचच्या मागं होतं आणि क्लच हलेना. अविराजनं सांगितल्याप्रमाणं तिनं प्लग काढून त्या भोकातून सुताची दोरी आत सोडली होती, म्हणजे आतला पिस्टन अडकून राहतो आणि क्लच फिरवता येतो. तिनं पाना लावला आणि जोर केला. पुन्हा जोर केला. पाना निसटून तिची बोटं लोखंडावर आपटली. तिनं बोटं झटकली, पाना पुन्हा लावला आणि ह्या वेळी त्यावर पायच दिला.

"मोडशील," बाजेवरून सोपान म्हणाला.

ती थांबली.

"उलटे आटे हायेत त्याला. घट्ट करायच्या बाजूला फिरव."

तिनं उलट्या बाजूला फिरवलं आणि क्लच एका झटक्यात सैल झाला. सोपान पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडला. नंतर नवं स्प्रॉकेट बसवताना एक वायसर कुठल्या बाजूनं घालायचं हे तिला कळेना. ती ते बोटात धरून बसली, पण तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलंही नाही. शेवटी तिनं फोनवर व्हिडिओ लावून पाहिला.

संध्याकाळी तिनं बाभळीचं एक लाकूड मांडून मशीन चालू केलं. स्टार्टरची दोरी ओढायची तिला सवय नव्हती, चार-पाचदा ओढल्यावर ते धरलं. आवाज तोच होता. सोपान उठून घरात गेला. चेन लाकडात शिरली, पिवळा भुसा पडायला लागला, आणि थोड्याच वेळात पट्टीतून धूर यायला लागला. तिनं मशीन बंद केलं. पट्टीला बोट लावलं तर चटका बसला. चेन कोरडी ठणठणीत होती. तेल टाकीत होतं, ते मशीनच्या बुडातून खाली मातीत ठिबकत होतं, पण पट्टीत येत नव्हतं.

सोपान दाराशी येऊन उभा राहिला होता. वासावरूनच त्याला समजलं असावं.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता ठेवून दे."

योगिनीनं पट्टी गार होऊ दिली, पुसली, चेनसकट फडक्यात बांधली आणि कपाटावर ठेवली. उद्या पुन्हा बारामतीला जायचं तिनं ठरवलं होतं.

सकाळी ती धार काढून आली तेव्हा कपाटावर फडकं नव्हतं. सोपान नव्हता. मोटारसायकलही नव्हती. अपघातानंतर त्यानं गाडी चालवली नव्हती. डाव्या हातानं क्लच दाबता येईल की नाही हेही कुणाला माहीत नव्हतं.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते कॅनॉलचं. घरापासून थोड्या अंतरावर नीरेचा डावा कालवा होता आणि पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं. त्यात टाकलेली वस्तू पुन्हा मिळत नाही. ती कॅनॉलच्या पुलापर्यंत चालत गेली. पाणी भरून वाहत होतं. काठावर दोन बायका धुणं आपटत होत्या, त्यांना विचारावं असं तिला वाटलं, पण काय विचारायचं ते सुचेना. ती परत आली. शेण काढलं, भाकरी केल्या, जनावरांना उसाचं वाढं टाकलं. फोन केला तर तो घरातच, उशीखाली वाजला. मग मात्र ती पडवीत बसून राहिली. तिला राग आला होता, आणि रस्त्यात गाडी घसरली असेल तर, ही भीतीही होती. दोन्ही एकाच वेळी होतं आणि त्यातलं जास्त कुठलं हे तिला सांगता आलं नसतं.

दुपार कलल्यावर गाडी आली. सोपाननं ती नीट लावायचा प्रयत्न केला, स्टँड दोनदा निसटला. त्याचा शर्ट घामानं भिजला होता. त्यानं हँडलच्या पिशवीतून फडकं काढून तिच्यासमोर ठेवलं.

"कुठं गेलता?" तिनं विचारलं.

"अविराजकडं. परत द्यायला."

"घेतली न्हाय?"

"वापरलेली कशी घील? तापून निळी झालीया." तो पायरीवर बसला. योगिनीनं पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर तो पुढं बोलला. "त्यानं इचारलं काय बिघडलं. मी सांगितलं तेल येत न्हाय. त्यानं जुनी पट्टी शेजारी लावून दाखवली. तेल जायाचं भोक जुन्या पट्टीला खाली हाय, हिला वर हाय. मशीन तेल सोडतंय खाली आन हिचं तोंड वर. त्यात कुणाचा दोष न्हाय."

"मंग?"

"मंग त्यानं एमआयडीसीत एकाकडं धाडलं. ड्रिलवाला. म्हणला, पट्टीचं पोलाद कडक हाय, तुटलं तर मी जबाबदार न्हाय. मी म्हणलं तुटू दे." त्यानं फडकं सोडलं. पट्टीच्या बुडाशी एक नवं बारीक भोक होतं, कडा कानशीनं साफ केलेल्या. "न्हाय तुटली."

योगिनीनं त्या भोकावरून बोट फिरवलं.

"मोडावी असं वाटत हुतं," सोपान म्हणाला. "तितं हुबा हुतो तवर तेच वाटत हुतं. मंग तो कडा तशाच ठेवाय लागला. चेन घासली आसती त्यावर. म्हणून मीच कानस घेतली."

"ह्या हातानं?"

"पट्टी त्यानं शिकंज्यात धरलेली. एका हाताचं काम." त्यानं ग्लास बाजूला ठेवला. "मला अजून पटल्यालं न्हाय. पण तू ऐकायची न्हाईस. मंग निदान तेल तरी यावं."

त्या संध्याकाळी तेल आलं. त्यानं तिला मशीनचं टोक एका पांढऱ्या पोत्यासमोर धरून जोरात चालवायला लावलं, तेव्हा पोत्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. पुढचे काही दिवस तो तिला शिकवत राहिला. शिकवणं म्हणजे बहुतेक अडवणं होतं. डावा हात मशीनवरून सुटला की तो हटकायचा. फांदीला हात लावायचा नाही, फांदी पडेल तशी पडू द्यायची. त्याची स्वतःची सवय नेमकी उलटी होती आणि ते दोघांनाही माहीत होतं. एकदा मुद्दाम त्यानं दोन लाकडं मागंपुढं मांडली आणि पट्टीचं टोक मागच्या लाकडाला लावायला सांगितलं. सांगून तो स्वतः चार पावलं मागं सरला. तिनं टोक लावलं. मशीन हातात थरथरलं, थोडं अडखळलं, आणि टोक लाकडात शिरलं.

"पुन्यांदा," सोपान म्हणाला.

तिनं पुन्हा लावलं. मशीन वर आलं नाही.

रेड्याला ते मार्चच्या मध्यावर गेले. फांद्या ओढायला योगिनीनं शेजारच्या फुलाबाईला सोबत घेतलं होतं. मानसिंगराव बांधावर वाट बघत होते. सत्तरीचे, पांढरा सदरा, गळ्यात उपरणं. मशीन योगिनीच्या हातात आणि सोपानच्या हातात नुसता तेलाचा डबा बघून ते दोन पावलं पुढं आले. मग पट्टीकडं बोट करून म्हणाले, "सोपानराव, हे खेळणं कशाला आणलंय?"

सोपाननं योगिनीकडं पाहिलं. ती कानाला फडकं बांधत होती.

"बघा तरी, तात्या," तो म्हणाला.

बाग दाट होती. दोन झाडांमधून माणूस आडवा जाईना. असल्या जागी रुंद पट्टी कुठंतरी लागणारच, हे सोपानला दिसत होतं. योगिनीनं चष्मा लावला, एक गुडघा टेकला आणि खालून सुरुवात केली. निमुळतं टोक दोन फांद्यांच्या बेचक्यात शिरत होतं, हवी ती फांदी कापत होतं आणि शेजारच्या सालीला ओरखडा न काढता बाहेर येत होतं. काम सावकाश होतं. बारीक दात थोडं थोडं खात होते. सोपान एक झाड होईपर्यंत उभा राहिला. नंतर विहिरीवर काम आहे असं काहीतरी सांगून तो निघाला आणि विहिरीपलीकडं बागेकडं पाठ करून बसला. तिथून दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. फांदीत शिरताना आवाज जड होतो, सुटताना हलका होतो. आवाज मध्येच तुटला की तो उठायचा, आणि पुन्हा चालू झाला की बसायचा.

दुपारी आवाज तुटला तो बराच वेळ पुन्हा आला नाही. तो चालत, मग पळत बागेत गेला. योगिनी बांधावर बसून पाणी पीत होती. चेन सैल पडली होती, एवढंच. तो शेजारी बसला. तिनं मशीन मांडीवर घट्ट धरलं, त्यानं उजव्या हातानं पाना फिरवून चेन ताणली. त्याचा श्वास अजून बसला नव्हता. योगिनीनं पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

सगळी बाग काही त्या पट्टीनं झाली नाही. जाड खोडं होती, त्यात ती पट्टी पुरी आत जाऊनही पलीकडं निघत नव्हती. योगिनीनं दोन खोडांवर प्रयत्न केला, चेन बोथट झाली, आणि तिनं मानसिंगरावांना सरळ सांगितलं, "तात्या, ही माझ्याच्यानं व्हायची न्हाईत. मोठ्या मशीनवाला बोलवा." त्यांनी निमगावचा एक माणूस बोलावला. त्यानं खोडं एका सकाळीत उडवली, पण काही झाडांची साल खालपर्यंत फाटली. मानसिंगराव ती साल हातानं दाबून परत चिकटते का बघत होते. योगिनीनं त्या जागांवर बोर्डो लावला. लेप जाड लावा, एवढं ते म्हणाले. पट्टीबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी व्याह्यांच्या डाळिंबासाठी योगिनीचा नंबर दिला.

सोपाननं पुन्हा मशीन धरलं नाही. एकदा, मे महिन्यात, घरी कुणी नसताना त्यानं ते चालू करून पाहिलं होतं. डाव्या हाताची तीन बोटं मुठीवर बसली, दोन बाहेर राहिली, आणि मूठ मशीनच्या थरथरीनं निसटायला लागली तशी त्यानं बटण दाबून ते बंद केलं. हे त्यानं योगिनीला जेवताना सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. ती म्हणाली, "बरं."

जूनपासून तो एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्याच्या गेटवर कामाला जातो. गाडीचा क्लच त्यानं मेकॅनिककडून हलका करून घेतला आहे. चेनीची धार मात्र तो दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. एवढे बारीक दात कानशीनं घासायला अर्धा रविवार जातो. चेन शिकंज्यात धरून तो उन्हाच्या दिशेनं तोंड करून बसतो आणि एकेक दात मोजत जातो.

फुलाबाईनं एकदा, डाळिंबाच्या बागेत, मशीन आपल्याला चालवायला कधी देणार असं योगिनीला विचारलं. योगिनीनं मशीन बंद केलं, चेन थांबेपर्यंत वाट बघितली आणि तिच्या हातात दिलं. फुलाबाईनं वजन घेतलं, टोकाकडं बघितलं आणि ते लगेच परत केलं.

"जड हाय," ती म्हणाली.

"व्हय," योगिनी म्हणाली. "पैल्यांदा मलाबी जड लागलं." आणि ती पुढच्या झाडाकडं वळली.